क्लायंटच्या शब्दांतला फॉर्म: थेरपिस्ट का बिचकतात आणि तो वापरायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका समुपदेशन केंद्रात आजवर पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी छापील प्रश्नावली भरून घेतात. आता तिथं सायक्लॉप्ससारखा फॉर्म आणायचं घाटतंय. त्यात क्लायंट आपला त्रास आपल्याच शब्दांत लिहितो आणि त्याला स्वतःच गुण देतो. ज्येष्ठ थेरपिस्ट नाराज आहेत. एक म्हणतात, ‘थेरपी म्हणजे परीक्षा नव्हे’, दुसरे म्हणतात, ‘आधीच्या कागदांना वेळ नाही, त्यात हा आणखी एक.’ या हरकतींत तथ्य किती आणि फॉर्म आणायचाच तर कसा, हे विचारलं आहे.

माझं मत: आणा. मात्र पीएचक्यू काढून त्याच्या जागी आणू नका, त्याच्या जोडीला आणा. आणि फक्त पहिल्या दिवशी भरून फाइलला लावणार असाल, तर मुळीच आणू नका.

पीएचक्यू-९ मध्ये ९ प्रश्न छापलेले असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. कोअर-ओएम या मानसिक त्रास मोजणाऱ्या दुसऱ्या प्रश्नावलीत ३४ वाक्यं असतात. अशा फॉर्ममध्ये काय विचारायचं ते दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं, क्लायंट फक्त उत्तर देतो. क्लायंटकेंद्री फॉर्ममध्ये प्रश्नाचीच जागा रिकामी असते. ही कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये एम. बी. शापिरो यांनी ‘पर्सनल क्वेश्चनेअर’ मांडलं ते १९६१ मध्ये. अमेरिकेत किरेसुक आणि शर्मन यांचं ‘गोल अटेनमेंट स्केलिंग’, म्हणजे क्लायंटची उद्दिष्टं ठरवून ती कितपत गाठली हे मोजायची पद्धत, १९६८ मध्ये आलं. सायक्लॉप्स लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मार्क ॲशवर्थ आणि सहकाऱ्यांनी तयार केलं. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ या पाच बैठकांच्या कार्यक्रमातही आलं. पेशावरमधल्या चाचणीत प्रशिक्षित पण बिगरतज्ज्ञ कार्यकर्त्यांनी हा कार्यक्रम राबवला, तिथंही ते वापरलं गेलं.

सायक्लॉप्समध्ये गुण द्यायचे प्रश्न चारच आहेत. खाली त्यांचा बोलीतला आशय दिला आहे. ते अधिकृत भाषांतर नव्हे.

१. सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय? गेल्या आठवड्यात त्याचा तुमच्यावर किती परिणाम झाला?
२. त्याखालोखाल दुसरा त्रास कोणता? त्याचा किती परिणाम झाला?
३. या त्रासामुळे कोणती एक गोष्ट करणं जड जातंय? गेल्या आठवड्यात ती किती जड गेली?
४. एकंदरीत गेला आठवडा तुम्हाला आतून कसं वाटलं?

प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, एकूण २०. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. दुसरा त्रास लिहिलाच नाही, तर पहिल्याचे गुण दुप्पट धरतात, म्हणजे बेरीज २० पैकीच राहते. फॉर्म तीन असतात: थेरपीआधीचा, मधला आणि शेवटचा. मधल्या आणि शेवटच्या फॉर्मवर क्लायंटचे पहिल्या दिवशीचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे असतात. ते काम थेरपिस्टचं. सेशनच्या आधी दोन मिनिटं काढून ते केलं नाही, तर सगळा डोलारा कोसळतो. क्लायंट दरवेळी नवं काहीतरी लिहितो आणि तुम्ही चिंचेची तुलना आवळ्याशी करत बसता.

चारांत माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न तिसरा, ‘काय जड जातंय’ हा. पहिल्या दोन उत्तरांत लोक ‘टेन्शन’, ‘झोप नाही’, ‘घरातली कटकट’ असं लिहितात. तिसऱ्यात मात्र ‘दादरला गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणं’, ‘पोराचा अभ्यास न ओरडता घेणं’, ‘सासूबाई घरात असताना जेवायला बसणं’ अशी उत्तरं येतात. छापील प्रश्नावलीत यातलं काहीच सापडणार नाही. पीएचक्यू १४ वरून ११ वर आला, हे क्लायंटला ऐकवलं तर तो मान डोलावतो. ‘लोकलमध्ये चढणं पाचाचं दोनवर आलं’ म्हटलं की तो तुम्हाला कुठल्या डब्यात चढला तेही सांगतो.

याचा एक चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेच्या ‘प्राइड’ प्रकल्पात दिल्लीच्या ६ सरकारी शाळांमधल्या ९वी ते १२वीच्या २५१ मुलामुलींवर चाचणी झाली. २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाला समुपदेशकाबरोबर समस्या सोडवण्याची छोटी सेशन्स आणि पुस्तिका मिळाल्या, दुसऱ्याला नुसत्या पुस्तिका. मोजायला दोन मापं होती. एक ठरलेल्या प्रश्नांचं, एसडीक्यू नावाची मुलांच्या मानसिक अडचणींची प्रश्नावली. दुसरं ‘यूथ टॉप प्रॉब्लेम्स’. यात मूल आपल्या तीन मोठ्या अडचणी स्वतः सांगतं आणि प्रत्येकीला ० ते १० गुण देतं. सहा आठवड्यांनी एसडीक्यूवर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींवर मात्र दिसला. मुलं तीच होती, सेशन्सही तीच होती.

यावरून ‘आपलं माप श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. समस्या सोडवायला शिकवलं आणि त्याच समस्येला गुण विचारले, तर माप उपचाराच्या अगदी जवळ बसणारच. शिवाय आपल्याला समुपदेशक मिळाला की नाही हे मुलांना ठाऊक होतं. दोन मापं दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, एवढंच यातून निघतं. जोडीनं वापरा म्हणण्यामागचं कारणही हेच.

आता हरकती. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

‘थेरपी म्हणजे परीक्षा नव्हे’ हे बहुधा मानवतावादी घडणीचे थेरपिस्ट म्हणतात आणि क्लायंटकेंद्री थेरपीचे जनक कार्ल रॉजर्स यांचा दाखला देतात. गंमत अशी की मोजमापाचा नाद रॉजर्स यांनाही कमी नव्हता. त्यांच्या शिकागोच्या चमूनं १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात क्लायंटच्या हाती १०० वाक्यांची कार्डं दिली होती. क्लायंटनं ती एकदा ‘मी आहे तसा’ आणि एकदा ‘मला व्हावंसं वाटतं तसा’ अशी लावायची. दोन मांडण्यांमधला सरासरी सहसंबंध (त्या एकमेकींशी किती जुळतात, याचा आकडा; पूर्ण जुळल्या तर १) थेरपीआधी जवळपास शून्य होता, नंतर तो ०.३४ झाला. तेव्हा मोजणं आणि क्लायंटचा मान राखणं यांत वैर नाही. मोजायचं काय हे कोण ठरवतं, हा खरा मुद्दा आहे, आणि हा फॉर्म तर ते क्लायंटलाच ठरवू देतो.

‘मला बघूनच कळतं’ ही हरकत फारसं कुणी उघडपणे घेत नाही, पण मनात बऱ्याच जणांच्या असते. तिला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्बर्ट यांच्या चमूनं २००५ मध्ये दिलेलं उत्तर पुरेसं आहे. ५५० क्लायंटपैकी कुणाची प्रकृती थेरपीत बिघडेल, असं थेरपिस्टना विचारलं. त्यांनी ३ जणांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. ते थेरपिस्ट काही वाईट नव्हते. समोरचा माणूस दर आठवड्याला येतोय, बोलतोय, आभार मानतोय, तेव्हा त्याची घसरण दिसत नाही, आणि आपल्याकडे तर ‘डॉक्टरांना वाईट वाटायला नको’ हा संकोच वर असतो.

वेळेची हरकत अर्धीच खरी आहे. फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात, तो विषय नाही. भरल्यावर त्याबद्दल बोलायला जो वेळ लागतो तो खरा, आणि तो थेरपीचाच वेळ असतो. बोलायचं नसेल तर पाच मिनिटंही फुकट गेली.

मला सगळ्यात वजनदार वाटणारी हरकत वेगळीच आहे. ओळख व्हायच्या आत ‘तुमचा सगळ्यात मोठा त्रास लिहा’ म्हटलं की माणूस सांगण्याजोगा त्रास लिहितो, खरा नव्हे. झोप लिहितो, मार लिहीत नाही. अभ्यास लिहितो, काकाचं नाव लिहीत नाही. हे होणारच, आणि त्यावर पूर्ण इलाज नाही. पहिल्या सेशनच्या शेवटी फॉर्म दिला तर थोडा फरक पडतो. त्याची किंमत अशी की मोकळं बोलून मन हलकं झाल्यानंतरचे गुण सुरुवातीचे म्हणून नोंदले जातात आणि पुढची सुधारणा आहे त्यापेक्षा कमी दिसते. माझा कल तरीही शेवटी देण्याकडे आहे. केंद्रानं एकच पद्धत ठरवावी आणि सगळ्यांनी ती पाळावी. निम्मे थेरपिस्ट सुरुवातीला आणि निम्मे शेवटी देत असतील, तर सगळे आकडे एकत्र ओतण्यात अर्थ उरत नाही.

आपल्याकडे नेमकं कुठं अडतं, ते आता.

गुणांची दिशा. सर्वांत जास्त घोटाळा इथं होतो. आपण सगळे मार्कांवर वाढलेले, पाचपैकी पाच म्हणजे पैकीच्या पैकी! क्लायंट बरा होतो आणि आनंदानं ५ वर गोल करतो. म्हणून आकड्यांखाली शब्द छापा, पहिल्या तीन प्रश्नांत ० खाली ‘अजिबात नाही’ आणि ५ खाली ‘खूपच’, चौथ्यात ० खाली ‘खूप छान’ आणि ५ खाली ‘खूप वाईट’. शिवाय पहिल्या वेळी तोंडी उलट तपासून घ्या: ‘म्हणजे पाच असेल तर त्रास जास्त की कमी?’ बोलणं आणि आकडा जुळत नसेल तर तिथल्या तिथे विचारा. घरी जाऊन स्वतःच आकडा दुरुस्त करू नका.

वयस्कर किंवा कमी शिकलेल्या क्लायंटना आकडेच परके वाटतात. पण ‘आठ आणे फरक पडला’, ‘बारा आणे बरं आहे’ ही भाषा त्यांच्या तोंडात असते. तिचा उपयोग बोलणं सुरू करायला करा, नोंद मात्र ० ते ५ मध्येच ठेवा. दोन मापं मिसळली तर पुढच्या वेळी दुसरा समुपदेशक गोंधळतो. आणखी एक, आण्यांची भाषा ‘किती बरं झालं’ हे सांगते आणि फॉर्म विचारतो ‘त्रास किती’. बारा आणे बरं म्हणजे चार आणे त्रास उरला, म्हणजे साधारण एक. हे गणित क्लायंटसमोर मोठ्यानं करा आणि ‘बरोबर ना?’ विचारा. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, पण त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवा.

शब्दांची ‘साफसफाई’ हा थेरपिस्टचा हमखास दोष. क्लायंट म्हणतो, ‘जीव घाबरा होतो’. थेरपिस्ट लिहितो, ‘पॅनिक’. क्लायंट म्हणतो, ‘डोक्यात भुंगा’. कागदावर येतं, ‘अतिविचार’. मग सहा आठवड्यांनी क्लायंटला स्वतःचाच त्रास ओळखू येत नाही. त्याचे शब्द उतरवा. उलट टोकाला, ‘टेन्शन’ एवढंच लिहिलं असेल तर एकदा, एकदाच, विचारा: ‘हे टेन्शन जास्त केव्हा जाणवतं?’ जे उत्तर येईल ते शेजारी लिहा. तीन-तीनदा खोदलं की तो त्रास त्याचा न राहता तुमचा होतो.

दुसऱ्याचाच त्रास. ‘नवरा पितो’, ‘मुलगा अभ्यास करत नाही’. हे खोडू नका, तिला खरंच त्याचाच त्रास आहे. पण गुण नवऱ्याच्या पिण्याला दिले, तर तुमच्या थेरपीत त्यात काही बदलेलच असं नाही. म्हणून वाक्य तसंच ठेवा आणि गुणांचा प्रश्न नीट विचारा: ‘गेल्या आठवड्यात याचा *तुमच्यावर* किती परिणाम झाला?’ आईवडील बरोबर आले असतील तर फॉर्म मुलाच्या हातात द्या आणि आईला पाच मिनिटं बाहेर बसवा. नाहीतर आईचाच त्रास मुलाच्या अक्षरात लिहिला जातो. आईला सांगायचं असेल तर तिचा वेगळा कागद करा.

मोबाइलवर गूगल फॉर्म पाठवणं सोयीचं दिसतं. पण कित्येक घरांत फोन एकच असतो किंवा नवरा, भाऊ, मुलगी कुणीही तो उघडतं. ‘सासूबाई घरात असताना जेवायला बसणं’ हे सासूबाईंच्या हाती लागलं तर थेरपीपेक्षा नुकसान जास्त. फोन फक्त आपलाच आहे का, हे विचारल्याशिवाय लिंक पाठवू नये. व्हॉट्सॲपवर तर भरलेल्या फॉर्मचा फोटोही मागू नये.

मध्येच त्रास बदलतो. पहिल्या दिवशी झोप होती, चौथ्या सेशनला लग्नातली मारहाण बाहेर आली. थेरपिस्टला वाटतं, जुना मुद्दा काढून नवा घालावा. तसं करू नका. जुन्याला गुण देत राहा, नवा तारखेसह खाली जोडा, त्याचे गुण वेगळे ठेवा, बेरजेत घेऊ नका. मधल्या आणि शेवटच्या फॉर्ममध्ये नव्या त्रासाला जागा असतेच, तिचा उपयोग करा. नवा मुद्दा आला म्हणजे पहिला फॉर्म फसला असं नाही. आता क्लायंटचा तुमच्यावर भरवसा बसला आहे.

गुण वाढले तर? दुःख दाबून ठेवलेला माणूस रडायला लागला की त्याचा आकडा वर जातो, आणि ते चांगलंही असू शकतं. पण हे स्पष्टीकरण फार सोयीचं आहे, दरवेळी वापरलं जातं आणि लॅम्बर्टच्या ४० जणांसारखे लोक त्याच्याच आड निसटतात. म्हणून एक नियम ठरवून टाका: सलग दोनदा गुण वाढले की क्लायंटशी त्यावर उघड बोलायचं आणि ती केस पुढच्या सुपरव्हिजनला (अनुभवी थेरपिस्टबरोबरच्या चर्चेला) न्यायची, आपल्याला कारण कळलंय असं वाटत असलं तरी. एका गुणाच्या चढउताराला मात्र बातमी समजू नका. तुलनेसाठी, इंग्लंडच्या सरकारी टॉकिंग थेरपी सेवेत पीएचक्यू-९ मध्ये ६ गुणांचा फरक पडला तरच तो खात्रीचा धरतात.

आत्महत्येबद्दल हा फॉर्म आपणहून काही विचारत नाही. क्लायंटनं लिहिलं तरच कळणार. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न तो विचारतो, कोअर-ओएममध्ये जोखमीची ६ वाक्यं आहेत. पीएचक्यू काढू नका म्हटलं त्याचं हे सगळ्यात मोठं कारण. नवव्या प्रश्नाला ० सोडून काहीही आलं तर त्याच सेशनमध्ये तोंडी चौकशी, मग बाकीचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फॉर्मच्या तळाशी छापून ठेवा, कागद घरी गेला तरी उपयोगी पडतो.

संस्थेच्या पातळीवरचा धोका थेरपिस्टना बरोबर जाणवतो, आणि इथं मी त्यांच्या बाजूनं आहे. देणगीदाराच्या अहवालात क्लायंटकेंद्री आकडे फार सुंदर दिसतात. पण माणूस आपल्या सगळ्यात वाईट दिवसांत येतो आणि त्यातही सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट लिहितो. सुरुवातच वरून झाली, तर काही न करताही आकडा थोडा खाली येतो. त्यामुळे या मापावर सुधारणा ठरलेल्या प्रश्नांच्या मापापेक्षा मोठी दिसते. एका थेरपिस्टची दुसऱ्याशी किंवा एका केंद्राची दुसऱ्याशी तुलना यावरून करायची नाही, हे लेखी ठरवून घ्या. आकड्यावर पगारवाढ टांगली की सोपे त्रास निवडून घ्यायला शिकवावं लागत नाही. गोल अटेनमेंट स्केलिंगमध्ये तर हे आणखी सोपं, कारण तिथं ‘अपेक्षित यश’ म्हणजे ० गुण कुठं ठेवायचे, हे बहुधा थेरपिस्टच ठरवतो.

फॉर्म फक्त तीनदा नव्हे, तर दर सेशनला भरा असा माझा आग्रह आहे. तो का, तेही सांगायला हवं. आपल्याकडे बरेच क्लायंट दोन-तीनदा येऊन थांबतात, आणि शेवटचं सेशन शेवटचं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. फक्त सुरुवातीला आणि शेवटी मोजलं तर शेवटचा आकडा फक्त टिकून राहिलेल्यांचा मिळतो, आणि टिकणारे बहुधा बरे झालेले असतात. अर्ध्यातून गेलेले हिशेबातूनही जातात. इंग्लंडच्या त्या सेवेनं दर सेशनला मोजायची सक्ती केली ती याचसाठी. चारही प्रश्न दरवेळी नको असतील तर पहिला आणि तिसरा, एवढे दोन दर सेशनला घ्या, पूर्ण फॉर्म दर चौथ्या सेशनला. या दोन प्रश्नांची बेरीज १० पैकी येते. ती वेगळ्या रकान्यात लिहा, २० मध्ये मिसळू नका.

सेशनमध्ये कागद कसा वापरायचा? सुरुवातीची पाच मिनिटं त्याची. क्लायंटनं गुण दिले की मागचा कागद शेजारी ठेवा आणि एवढंच म्हणा: ‘मागच्या वेळी चार होता, आज तीन. काय वेगळं झालं?’ उत्तर येऊ द्या. ‘छान!’ म्हणायची घाई केली की पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी आकडा कमी करेल. आकडा तोच राहिला असेल तर ‘काही हरकत नाही’ असं म्हणू नका, त्याची हरकत असू शकते. ‘इथं आपण काही वेगळं करायला हवं का?’ असं विचारा. हा प्रश्न विचारायला थेरपिस्टना जड जातं. माझ्या अंदाजानं नाराजीचं मूळ बरंचसं इथंच आहे.

सुरुवात सगळ्या केंद्रात एकदम करू नका. तयार असलेले दोन-तीन थेरपिस्ट घ्या, तीन महिने, फक्त नवे क्लायंट. नाराज असलेल्यांना आकडे दाखवू नका, क्लायंटची परवानगी घेऊन आणि ओळख पुसून दोन-चार जणांची तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं दाखवा. भाषांतर घरच्या घरी करायचं नाही. मूळ कर्त्यांकडे मराठी आवृत्तीची आणि परवानगीची चौकशी करा. नवं करावं लागलं तर एकानं मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, मग पाच-सहा लोकांना भरायला देऊन कुठं अडतात ते पाहायचं. चौथ्या प्रश्नाचा विषय असलेल्या ‘वेलबीइंग’साठी ‘स्वास्थ्य’ छापलंत तर लोक बीपी-शुगर सांगतील, ‘आतून कसं वाटलं’ म्हटलं तर मनाचं सांगतील.

आणि पहिल्या फॉर्मची झेरॉक्स काढून फाइलच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या कागदावर शब्द उतरवताना आठवणीवर विसंबलात, तर तिसऱ्या सेशनपर्यंत ‘जीव घाबरा होतो’चं पुन्हा ‘पॅनिक’ झालेलं असेल.